रेघ म्हणजे रेघ

४ फेब्रुवारी

सूनबाई,

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरली असशील, तर आधी शांत हो. तुझी सासू ठणठणीत आहे. आत्ता पलंगावर बसून माझाच चष्मा लावून पेपर वाचतेय आणि मी कुणाला लिहितोय हे तिसऱ्यांदा विचारून झालंय. मी सांगितलं, घड्याळाच्या कंपनीला. तिचा विश्वास बसलेला नाही.

काल स्कॅनचा रिपोर्ट आला. गाठ नाही, गाठीची खूणही नाही. आता फक्त तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन, तेही उन्हाळ्यापर्यंत. त्यानंतरचे काही दिवस तिला जपायचं, बस्स. डॉक्टरीणबाई खुशीत फाइल मागे उलटत गेल्या आणि गेल्या वर्षीच्या जानेवारीपाशी थांबल्या. "या दिवसांत यांच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. आणि घरात कोरोना होता ना? यांना कसा नाही झाला?"

"माझी सून लॅबमध्ये आहे," तुझी सासू म्हणाली. "तिनं ह्यांना घरातच घेतलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "तेव्हा लागण झाली असती तर केमो थांबवावी लागली असती, आणि मग हा रिपोर्ट असा आला असता का, मला सांगता येत नाही. सुनेला माझ्याकडून शाबास म्हणा."

तर शाबास. हा त्यांचा निरोप झाला. आता माझा. तू ते अकरा दिवस मला घराबाहेर ठेवलंस म्हणून आज माझी बायको माझा चष्मा पळवते आहे. फार उपकार झाले. हे वाक्य वर्षभर राहून गेलं होतं, आज कागदावर उतरलं. फोनवर सांगितलं नाही, कारण फोनवर मी ओरडतो हे तुला ठाऊक आहे.

एक मात्र नोंदवून ठेवतो. त्या रविवारी मी परगावच्या टॉवरचं घड्याळ दुरुस्त करून आलो, तुझ्या सांगण्याप्रमाणे आधी दुकानात कोरोनाची टेस्ट केली, आणि पट्टीवर एकच रेघ होती, म्हणजे निगेटिव्ह. मग घराच्या जिन्यात तू परत करायला लावलीस तिच्यावर दोन निघाल्या, त्याला मी काय करणार? यंत्र म्हटलं की थोडं मागेपुढे होतंच. जिन्यात मी काहीबाही बोललो ते रागात. माणूस रागात बोलतो त्याला काही अर्थ नसतो.

चिरंजीवांना म्हणावं, आईला फोन लवकर करत जा, नऊनंतर ती पेंगते.

तुझे सासरे


१९ फेब्रुवारी

सूनबाई,

खोकं पोचलं. आत वीस किटं आणि चिठ्ठीच्या नावानं शून्य. झाकणावर मार्करनं लिहिलंयस, 'पंधरा मिनिटांनी वाचा. अर्ध्या तासानंतर वाचू नका.' चाळीस वर्षं घड्याळजी असलेल्या माणसाला वेळ सांगतेस? बरं, सांग बाई. झाकण मी कापून दुकानातल्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. 'बाबा' लिहिलं नाहीस, पण 'वाचा' लिहिलंस, 'वाचावे' नाही. मी तेवढ्यावर खूश आहे.

आभारी आहे. ते झाकण दोनच दिवसांत कामाला आलं, त्याचा किस्सा ऐक. परवा दुकानात सहज म्हणून टेस्ट केली. तेवढ्यात एक बाई भिंतीवरचं घड्याळ घेऊन आल्या, त्यांच्या सासऱ्यांच्या लग्नातलं. त्या घड्याळाचा सगळा जन्म ऐकून होईपर्यंत तास गेला. बघतो तर पट्टीवर करड्या रंगाची दुसरी रेघ! माझं धाबं दणाणलं. पिशवीत कपडे भरले, दुकानाच्या माळ्यावर सतरंजी टाकली, तुझ्या सासूला खिडकीखालून सांगून आलो की मी आता वर येत नाही. मग कपाट उघडलं आणि तुझं झाकण दिसलं. दुसरं किट काढलं, समोर स्टॉपवॉच ठेवलं, पंधराव्या मिनिटाला पाहिलं. एकच रेघ. दुसऱ्या दिवशीही एकच. पहिली ती पट्टी सुकून उमटलेली होती. वेळ टळून गेल्यावर वाचलं की पट्टी काय वाटेल ते बोलते.

यावरून दुकानात काढलेले ते अकरा दिवस आठवले. ड्यूटी संपवून तू डबा आणायचीस, दुकानाच्या पायरीवर ठेवायचीस आणि गल्लीपलीकडे उपड्या खोक्यावर बसायचीस. मी आतून भांडायचो. मला ताप नाही, मी धडधाकट आहे, मग ही प्लॅस्टिकची पट्टी मला माझ्या घराबाहेर काढणारी कोण?

तू म्हणाली होतीस, "बाबा, विषाणू भरपूर असले की पट्टी बोलते. थोडे असले की गप्प बसते. म्हणजे तुम्हाला आजार आहे की नाही, हे ती दर वेळी सांगेलच असं नाही. पण आज तुमच्यापासून दुसऱ्याला होईल का, हे ती बऱ्यापैकी सांगते. आणि तेही आजचंच. ती घड्याळ आहे, कॅलेंडर नाही. सकाळी बघितलेली वेळ संध्याकाळी सांगून कसं चालेल?"

मी तेव्हा 'मला घड्याळ शिकवू नकोस' म्हणून शटर अर्धं ओढलं होतं. डबा मात्र आत घेतला होता. त्या डब्यांबद्दलही आभार मानायचे राहिलेत. अकरा दिवस, दोन वेळचे.

तुझे सासरे


११ मार्च, दुकानातून

सूनबाई,

पत्ता दुकानाचा आहे, घाबरू नकोस. या वेळी मला कुणी बाहेर काढलेलं नाही. मी आपणहून आलोय.

शनिवारी तुझ्या सासूचं इंजेक्शन झालं. रविवारी सकाळी माझा घसा खवखवला. टेस्ट केली, एकच रेघ. मन म्हणालं, झालं, पट्टीनं मोकळं केलं, जा घरात. पण तुझंच वाक्य आड आलं: गप्प बसली म्हणजे निर्दोष सोडलं असं नाही, सुरुवातीला ती चुकते, दोन दिवसांनी परत विचारायचं. मी दुकानाच्या माळ्यावर आलो. सोमवारी एकच रेघ. आज मंगळवार, आज दोन. दुसरी पुसट आहे, पण आहे.

रविवारच्या एका रेघेच्या भरवशावर मी घरी राहिलो असतो तर! तुझी सासू खिडकीतून बोलते. तिची टेस्ट दोनदा झाली, काही नाही, बरी आहे. शेजारच्या मास्तरीणबाई तिला काय हवं-नको ते बघतात आणि खालून मला तिची तक्रार सांगतात की ती औषध घेताना तोंड वाकडं करते.

माळ्यावर मी आणि पन्नासएक घड्याळं. काम करायला हात उठत नाही, म्हणून जे लिहायचं नव्हतं ते लिहितो.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. त्या रविवारी दुकानातल्या पट्टीवर एक रेघ नव्हती. दोन होत्या.

दुसरी साध्या डोळ्यांना दिसत नव्हती. पण मी साध्या डोळ्यांनी कधी काही बघतो का? सवयीनं भिंग डोळ्याला लावलं. केसासारखी, फिकट गुलाबी, आडवी रेघ होती. मनगटी घड्याळाच्या काचेवर किती ओरखडे पाहिलेत आयुष्यात, ओरखडा कुठला आणि छापलेली रेघ कुठली हे मला झोपेतही कळतं. तरी मी स्वतःला म्हणालो, ओरखडा आहे. भिंग काढलं. भिंग काढल्यावर दिसत नव्हती, म्हणजे नाहीच, असा हिशोब केला आणि पट्टी खिशात टाकून घरी निघालो.

का, ते तुला माहीत आहे. त्या दिवशी तिचे केस काढायचे होते. उशीवर झुपके पडायला लागले होते आणि ती म्हणाली होती, "अहो, दुसऱ्या कुणाचा हात नको, तुम्ही या, तुमचा हात हलत नाही." परगावी चार दिवस टॉवरमध्ये एक गडी माझ्या शेजारी खोकत होता तेव्हाही माझ्या डोक्यात तेवढंच होतं, की रविवारी पोचायचं. शब्द दिला होता गं.

आणि तू दार अडवून उभी राहिलीस. तिसऱ्या पायरीवरून वर येऊ दिलं नाहीस, तिथेच टेस्ट करायला लावलीस, आणि या वेळची दुसरी रेघ बघायला भिंग लागत नव्हतं. मी चवताळलो. खरं माहीत असलेला माणूस जास्त चवताळतो. वरच्या-खालच्या मजल्यावरची माणसं दारात आली होती. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "तू परकी. तुला काय कळणार माझ्या बायकोचं?"

ते 'काहीबाही' नव्हतं. तो एक शब्द होता आणि मला तो नेमका आठवतो.

तू आत गेलीस, दार लावलंस, आणि मी तिसऱ्या पायरीवर बसून तुझ्या हातातल्या केस कापायच्या मशीनचा आवाज ऐकला. मध्येच तो थांबला आणि तुम्ही दोघी हसलात. कशाला हसलात हे मी अजून विचारलेलं नाही. माझ्या हातचं काम तू केलंस, आणि तिला हसवून केलंस. मे महिन्यात बदली घेऊन तुम्ही लांब गेलात तेव्हा चिरंजीव म्हणाले, नोकरीसाठी. मी मान डोलावली. कशासाठी ते मला कळत होतं.

हे सगळं वाचून पत्र फाडलंस तरी चालेल. किटं मात्र पाठवत जा.

दाराबाहेरचा


२२ मार्च, दुकानातूनच

सूनबाई,

कार्ड मिळालं. चार ओळी. 'बाबा, मला माहीत होतं. गुलाबी रेघेची पट्टी तुमच्या शर्टाच्या खिशात होती. कपडे धुवायला दिलेत तेव्हा सापडली. तब्येत सांभाळा.'

मी तीन वेळा वाचलं आणि मग ते काम करायच्या टेबलावर ठेवून खुर्चीतच बसून राहिलो. रडलो म्हण. वयानं मोठा माणूस रडला तर काही बिघडत नाही, दुकान बंद होतं.

म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं! सगळ्या जिन्यासमोर मी तुला परकी म्हणालो, आणि दुसऱ्याच दिवशी माझी लबाडी तुझ्या हातात होती. माझ्या मुलाला दाखवायचीस. तुझ्या सासूला दाखवायचीस. एका पट्टीत माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. तू शर्ट धुतलास, त्याला इस्त्री केलीस आणि डब्याबरोबर पाठवलास. त्या शर्टाला मी तेव्हा नावं ठेवली होती, कॉलर नीट नाही म्हणून.

आणि बाराव्या दिवसाचं तर मी कुणाला बोललोच नाही. लॅबच्या मोठ्या टेस्टचा, त्या आरटी-पीसीआरचा, रिपोर्ट पुन्हा पॉझिटिव्ह आला होता. चिरंजीव म्हणत होते, आणखी दोन आठवडे बाबा खालीच राहू देत. तुझ्या सासूनं जेवण सोडलं होतं. तेव्हा तू म्हणालीस, "ती टेस्ट मेलेल्या विषाणूंचे तुकडेसुद्धा शोधते, आठवडेच्या आठवडे. बाबांना ताप नाही, खोकला नाही, काल आणि आज पट्टीवर एकच रेघ आहे. शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही, पण मी डॉक्टरीणबाईंशी बोललेय. मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा, आणि वर या." मुलगा माझा, आणि मला वर घेणारी तू. मी आत गेलो, तिच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला, आणि त्या दिवशी ती दोन घास जेवली. दार बंद केलंस ते मी दहा जणांना सांगितलं. दार उघडलंस ते एकालाही सांगितलं नाही.

तुझं कार्ड आल्यावर मी तडक घराखाली गेलो. पट्टीवर अजून पुसट रेघ येते, त्यामुळे वर जाता येत नव्हतं. खिडकीखाली उभा राहून हाक मारली. ती आली. मी म्हणालो, "तुला एक सांगायचंय." ती म्हणाली, "मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही." आता चोरून कबुली द्यायची सोयच राहिली नाही! रस्त्यावरून ओरडून सांगितलं: रेघ होती, मी पाहिली होती, तरी आलो होतो. पलीकडचा फळवाला तराजू धरून थांबला. मास्तरीणबाई गॅलरीत आल्या. बरंच झालं, गेल्या वर्षीही त्याच होत्या. मग म्हणालो, "आणि सूनबाईला मी परकी म्हणालो होतो, तो शब्द मी परत घेतोय. सगळ्यांनी ऐका."

तुझी सासू खिडकीत हाताची घडी घालून उभी होती. म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं. तुमचं भिंग कधी खोटं बोलत नाही. तुम्ही बोलता." आणि मग, "आता तिला बोलवा. मला तिला बघायचंय."

तर बोलावतोय. येशील? नाही आलीस तरी माझ्या मनात काही येणार नाही. यायचं की नाही हे ठरवायचा हक्क तुझा. पण तिची इंजेक्शनं आता संपत आलीत, आणि तिचे केस कानापर्यंत आलेत. तू काढलेस, तूच येऊन बघ.

बाबा


५ एप्रिल

सूनबाई,

हे पत्र डब्याच्या पिशवीत आहे. तीन गल्ल्यांवरच्या माणसाला पत्र लिहिणारा मी एकटाच असेन, पण समोरासमोर आलो की तू मला बोलू देत नाहीस.

काल तू बॅग घेऊन जिन्याशी आलीस तेव्हा तुझी सासू दारात खुर्ची टाकून सकाळपासून बसली होती. केसांना दोनदा कंगवा फिरवून झाला होता. मी माळ्यावरून घरी आल्याला आठवडा झालाय, तेव्हा दार उघडायचा मान माझा होता. आणि तू तिसऱ्या पायरीवर थांबलीस. कुणी न सांगता. मास्क नाकावर दाबलास आणि म्हणालीस, "निघताना केली होती, निगेटिव्ह होती. पण दीड दिवसाचा प्रवास झालाय. पुन्हा करते."

ती पंधरा मिनिटं मी स्टॉपवॉच हातात धरून वरच्या पायरीवर उभा होतो. दुरुस्तीला आलेल्या कुठल्याही घड्याळानं मला एवढं छळलेलं नाही.

मग तू पट्टी मधल्या पायरीवर ठेवलीस, मागे सरकलीस आणि म्हणालीस, "बाबा, तुमचं भिंग आणा. मला नीट दिसत नाही."

तुला दिसत नाही! दिवसभर ज्या बाईचं कामच ते आहे, तिला दिसत नाही! मला कळलं तू काय करते आहेस. मी मास्क लावून खाली उतरलो, भिंग डोळ्याला लावलं. साध्या डोळ्यांना काही नव्हतं. भिंगातून होती. केसासारखी, फिकट गुलाबी, तीच. माझ्या मागे खुर्ची करकरली. ती विचारत होती, "काय हो? येऊ द्या ना तिला आत!"

सूनबाई, खरं सांगतो, एक क्षण 'ओरखडा' हा शब्द जिभेवर आला होता. वर्षभर वाट बघितलेलं माणूस चार पायऱ्यांवर उभं होतं.

मी म्हणालो, "रेघ आहे."

तू म्हणालीस, "रेघ म्हणजे रेघ." आणि मास्कच्या वर तुझे डोळे हसले. वर्षानंतर हसलीस माझ्याकडे बघून. बॅग उचललीस, मी दुकानाची किल्ली फेकली, तू ती एका हातात झेललीस.

तुझी सासू आधी फुरंगटली. मग म्हणाली, "शिकलात म्हणायचं." आत्ता ती खिडकीत बसून दुकानाच्या दिशेनं बघते आहे, तिथून काही दिसत नाही तरी. केस काढताना त्या दिवशी तुम्ही दोघी का हसला होतात तेही मी विचारलं. ती म्हणते, सूनबाई घरी आली की तिलाच विचारा, तीच नीट सांगते. तेव्हा ते तुझ्याकडे बाकी.

माळ्यावर सतरंजीखाली गादी आहे. सगळ्या घड्याळांचे टोले बंद करून ठेवलेत, तुला झोप लागावी म्हणून. भिंतीवरचं लग्नातलं घड्याळ तेवढं चालू आहे, त्याला हात लावू नकोस, ते मोठ्या लाडाचं आहे. उद्या सकाळी टेस्ट कर आणि पट्टी पायरीवर ठेव. मी भिंग घेऊन येतो. घाई नाही. अकरा दिवस लागले तर अकरा दिवस डबे येतील, दोन वेळचे, आणि शटर तू अर्धं ओढलंस तरी मी गल्लीपलीकडे खोक्यावर बसेन.

एक गोष्ट काल जिन्यात कळली, ती सांगून थांबतो, भाजी गार होतेय. परकं माणूस दारात आलं की आपण 'या, बसा' म्हणतो. 'तिथेच थांब' म्हणायला माणूस घरचंच असावं लागतं.

तुझा,
दाराच्या आतला बाबा